पावसाच्या नक्षत्रांतले वृद्ध तारे वावरातून कसे पाहावेत

विदर्भातल्या शेतकऱ्याला रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, स्वाती ही नावे पेरणीच्या आणि पावसाच्या हिशेबातून तोंडपाठ असतात, आणि यंदा कोणत्या नक्षत्राचे वाहन बेडूक व कोणत्याचे कोल्हा, हेही पंचांग उघडून पाहिले जाते. परंतु पावसाचे नक्षत्र म्हणजे त्या दिवसांत सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते, आणि म्हणूनच रोहिणीचा पाऊस पडत असताना रोहिणीचा तारा सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो. तो नीट पाहायचा तर कापूस वेचणीचे आणि गव्हाच्या ओलिताचे दिवस गाठावे लागतात. या यादीतल्या रोहिणी, आर्द्रा, पुनर्वसू आणि स्वाती या नक्षत्रांचे मुख्य तारे, आणि त्यांच्या जोडीला ज्येष्ठा, हे सगळे आयुष्याच्या उत्तरार्धात पोहोचलेले, फुगलेले आणि थंडावलेले तारे आहेत. ताऱ्याचे म्हातारपण त्याच्या वयाच्या वर्षांवर ठरत नाही, ते त्याच्या वस्तुमानावर ठरते. ही एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहता यावी, अशा क्रमाने पुढील निरीक्षणे मांडली आहेत.

साहित्य फारसे लागत नाही. पहिला हंगाम नुसत्या डोळ्यांनी काढावा आणि त्यानंतरही आवड टिकली तर १०×५० ची द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्यावी. स्वस्तातली डुगडुगणारी दुर्बीण सुरुवातीलाच घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, असे माझे स्पष्ट मत आहे. एक वही, पेन्सिल आणि टॉर्च पुरे, मात्र टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद दोन पदरी करून रबराने बसवावा, कारण अंधाराला डोळे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती सारी मेहनत वाया जाते. तारानकाशाचे ॲप वापरायचे असल्यास त्यातला रात्रीचा लाल पडदा चालू करावा. जागा निवडताना जिनिंगचे दिवे, रस्त्यावरचे हायमास्ट आणि शेजारच्या वावरातला फ्लडलाइट पाठीमागे राहील, असा धुरा शोधावा. शेतीची लाईन रात्री येत असल्यामुळे ओलितासाठी किंवा रोही आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जे जागलीला जातात, त्यांना तर वेगळा वेळ काढण्याचीही गरज नाही. पायांत बूट असावेत आणि बसण्यापूर्वी जागा टॉर्चने पाहून घ्यावी. आकाशाकडे पाहत धुऱ्यावरून चालू नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

सर्वांत आधी डोळ्याला रंग ओळखण्याची सवय लावावी लागते. ज्यांना तांबडे राक्षसी तारे म्हणतात ते प्रत्यक्षात गडद लाल दिसत नाहीत. त्यांची छटा फिकट नारिंगी किंवा तांबूस असते आणि ती शेजारच्या पांढऱ्या ताऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय नवख्या माणसाला जाणवत नाही. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही, म्हणून ही ओळख केवळ तेजस्वी ताऱ्यांपुरती चालते. क्षितिजाजवळचा कोणताही तारा लुकलुकताना लाल, हिरवा, निळा असे रंग फेकतो. त्यामुळे तारा किमान ३० अंश वर येईपर्यंत थांबावे. हात पूर्ण लांब करून वळलेली मूठ साधारण १० अंश व्यापते, तेव्हा क्षितिजापासून एकावर एक अशा तीन मुठी मोजाव्यात. द्विनेत्री असल्यास एक युक्ती करावी: फोकसचे चाक किंचित फिरवून तारा मुद्दाम अस्पष्ट करावा, म्हणजे प्रकाशाचा ठिपका पसरून छोटी चकती बनते आणि तिच्यात रंग चटकन उमटतो. मंगळ रोहिणीच्या किंवा ज्येष्ठेच्या आसपास असेल तेव्हा हमखास घोटाळा होतो. तो ताऱ्यासारखा लुकलुकत नाही आणि काही रात्रींत जागा बदलतो, यावरून तो वेगळा काढता येतो.

जानेवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास रोहिणी विदर्भातून जवळजवळ डोक्यावर असते. कृत्तिकेच्या पुंजक्यापासून पूर्वेकडे पाहिल्यास इंग्रजी व्हीच्या आकाराचे तारे दिसतात. हा रोहिणी शकट, आणि त्याच्या एका टोकाचा ठळक तांबूस तारा म्हणजे रोहिणी, नकाशातला अल्डेबरान. तो शकटात दिसत असला तरी त्या कुटुंबातला नाही: रोहिणी सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर आहे, तर शकटाचे बाकीचे तारे सुमारे १५० प्रकाशवर्षांवर आहेत. तिच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३९०० केल्विन आहे. सूर्याचे ५८०० च्या आसपास आहे. वस्तुमान सूर्यापेक्षा थोडेसेच अधिक असले तरी व्यास सूर्याच्या सुमारे ४५ पट आहे, म्हणजे आपल्या सूर्याचे पुढे काय होणार याचा नमुनाच समोर असतो.

आता शकटाच्या त्याच व्हीवर द्विनेत्री लावावी आणि रोहिणीच्या बाजूलाच, साध्या डोळ्यांनाही तीक्ष्ण नजरेने सुटी दिसणारी एक जोडी शोधावी. नकाशात त्या ताऱ्यांना थीटा एक आणि थीटा दोन अशी नावे आहेत. दोघांपैकी किंचित जास्त तेजस्वी तारा पांढरा आहे आणि दुसरा स्पष्ट पिवळसर नारिंगी आहे. हे दोन तारे एकाच मेघातून, एकाच काळात जन्मले. संपूर्ण समूहाचे वय सुमारे ६५ कोटी वर्षे मानले जाते. वय एक असूनही एक राक्षसी अवस्थेत पूर्ण उतरला आहे आणि दुसरा तिच्या उंबरठ्यावर आहे, तर समूहातले सूर्याएवढे तारे अजून पुरते तरुण आहेत. फरक फक्त जन्मवेळी मिळालेल्या वस्तुमानाचा. जड ताऱ्याच्या गाभ्यातले तापमान जास्त, म्हणून त्याचे इंधन कितीतरी झपाट्याने संपते. एवढे एकच दृश्य पाहायला मिळाले तरी रात्र सार्थकी लागली असे समजावे, आणि घाईने पुढच्या ताऱ्याकडे वळू नये.

या अवस्थेत आत काय घडते ते इथेच समजून घेतलेले बरे. सूर्यासारखा तारा सुमारे १००० कोटी वर्षे गाभ्यातल्या हायड्रोजनचे हेलियम करत राहतो. आपल्या सूर्याची त्यातली सुमारे ४६० कोटी वर्षे झाली आहेत. गाभ्यातला हायड्रोजन संपला की तिथे उरलेला हेलियम स्वतःच्या भाराने आकसतो व तापतो, आणि त्याच्याभोवतीच्या पातळ थरातला हायड्रोजन पूर्वीपेक्षा अधिक वेगाने जळू लागतो. त्या वाढलेल्या ऊर्जेने बाहेरचे आवरण फुगते. एकूण प्रकाश कित्येक पटींनी वाढतो, परंतु तो आता प्रचंड पृष्ठभागावर वाटला जात असल्याने प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला पूर्वीपेक्षा कमी येतो आणि पृष्ठभाग थंड व तांबूस होतो. तारा लाल दिसतो म्हणजे तो विझत चालला आहे, ही समजूत म्हणूनच काढून टाकावी. पुढे गाभ्याचे तापमान १० कोटी अंशांपर्यंत पोहोचले की हेलियमचे तीन अणुगर्भ एकत्र येऊन कार्बन बनू लागतो आणि त्या कार्बनला आणखी एक हेलियम मिळाला की ऑक्सिजन बनतो. सूर्यासारख्या हलक्या ताऱ्यात हे ज्वलन एकदम भडकते, तर शकटातल्या त्या नारिंगी ताऱ्यांसारख्या अधिक जड ताऱ्यांत ते शांतपणे सुरू होते. शकटातले तेजस्वी नारिंगी तारे सध्या याच हेलियम जाळण्याच्या टप्प्यात आहेत.

आकारांचा अंदाज यावा यासाठी सूर्याच्या जागी ज्वारीचा चार मिलिमीटरचा दाणा धरावा. त्या मापाने स्वाती दहा सेंटीमीटरचा गोळा होतो, रोहिणी अठरा सेंटीमीटरचा आणि मृगातला काक्षी, म्हणजे आर्द्रेचा मुख्य तारा, सुमारे तीन मीटरचा, म्हणजे घरातली एक खोली भरून टाकणारा. पृथ्वी या मापाने मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढी उरते.

काक्षीकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते, कारण तो सूर्याच्या जातीचा नाही. जानेवारीअखेर रात्री नऊला मृगाचा मोठा चौकोन दक्षिणेकडे उंच उभा असतो. त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला तांबूस तारा म्हणजे काक्षी अथवा बेटेलज्यूज, ज्याला आर्द्रा नक्षत्राचा मुख्य तारा धरतात, आणि समोरच्या खालच्या कोपऱ्यातला निळसर पांढरा तारा म्हणजे राजन्य. या दोघांवर आळीपाळीने नजर फिरवली की रंगातला भेद शाळकरी मुलालाही लगेच कळतो. काक्षीचे वस्तुमान सूर्याच्या पंधरा ते वीस पट मानले जाते, अंतर ५०० ते ७०० प्रकाशवर्षांच्या दरम्यान आणि वय अवघे एक कोटी वर्षांच्या आसपास. सूर्याच्या मानाने हे वय म्हणजे बाळपणच, तरी तो शेवटच्या अवस्थेत आहे. मायकेलसन आणि पीझ यांनी १९२० मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत याच ताऱ्याचा कोनीय व्यास मोजला. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचा व्यास प्रत्यक्ष मोजला गेल्याची ती पहिली वेळ होती.

काक्षीचे तेज कमीजास्त होते, आणि हा बदल नुसत्या डोळ्यांनी नोंदवता येतो. त्यासाठी त्याला दोन ठरावीक तेजाच्या ताऱ्यांच्या मध्ये बसवायचे असते. ताऱ्याची प्रत म्हणजे तेजाचे माप, आणि आकडा जितका मोठा तितका तारा मंद. प्रश्वा, नकाशातला प्रोसिऑन, ०.४ प्रतीचा, रोहिणी साधारण ०.९ ची, पुनर्वसूच्या जोडीतला अधिक ठळक पिवळसर तारा १.१ चा आणि मृगाचा दुसरा खांदा, म्हणजे वरच्या उजव्या कोपऱ्यातला तारा, १.६ चा. काक्षी प्रश्वापेक्षा मंद आणि रोहिणीपेक्षा तेजस्वी वाटत असेल, तर तो त्या अंतरात कुठे पडतो ते मनाशी ठरवावे: बरोबर मधोमध वाटला तर सुमारे ०.६५ लिहावे, रोहिणीच्या अगदी जवळ वाटला तर ०.८. तुलनेचे सर्व तारे ४५ अंशांच्या वर असतील अशी वेळ निवडावी, कारण खाली झुकलेल्या ताऱ्याचे तेज वातावरण आणि हिवाळ्यातला धूर खाऊन टाकतो. पऱ्हाट्या किंवा धसकटे जाळण्याच्या दिवसांत तर हा फरक फसवा होतो. आणखी एक महत्त्वाची सूचना अशी की तांबूस ताऱ्याकडे टक लावून पाहू नये. पाहत राहिले की लाल रंगाची छाप डोळ्यात साठत जाते आणि तारा आहे त्यापेक्षा तेजस्वी भासतो. म्हणून झटकन काक्षी, झटकन रोहिणी, पुन्हा काक्षी, असे करून आकडा लिहून टाकावा आणि मागच्या नोंदीचे पान तोपर्यंत उघडू नये. आठ-दहा दिवसांतून एक नोंद पुरते.

२०१९ च्या अखेरीस काक्षी असाच मंदावत गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १.६ प्रतीपर्यंत उतरला, म्हणजे मृगाचे दोन्ही खांदे सारखे दिसू लागले. आता स्फोट होणार, अशी चर्चा तेव्हा सर्वत्र झाली. पुढील अभ्यासातून असे दिसले की ताऱ्याने बाहेर फेकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ बनली आणि तिने ताऱ्याचा काही भाग आपल्या बाजूने झाकला. स्फोट कधीतरी होणार हे नक्की आहे, परंतु तो येत्या एक लाख वर्षांत कधीही होऊ शकतो असा त्याचा अर्थ आहे, आणि कोणी यंदाची तारीख सांगू लागला तर त्याला वाहनावरून पाऊस सांगणाऱ्याइतकाच भाव द्यावा.

तेजातला याहून कितीतरी मोठा चढउतार पाहायचा असेल तर डिसेंबरच्या मध्यास रात्री नऊला दक्षिणेकडे उंचावर तिमिंगल या तारकासमूहात मायरा शोधावा. ॲपच्या मदतीशिवाय हे काम जमणे कठीण आहे, कारण हा तारा बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही. डेव्हिड फॅब्रिशियस यांनी १५९६ मध्ये त्याची प्रथम नोंद केली. सुमारे ३३२ दिवसांच्या आवर्तनात तो दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपासून नवव्या प्रतीच्याही खाली जातो आणि पुन्हा उजळतो. आवर्तन वर्षापेक्षा सुमारे एक महिन्याने कमी असल्याने त्याची कमाल तेजाची वेळ दरवर्षी महिनाभर अलीकडे सरकते, आणि काही वर्षे ती सूर्याच्या उजेडातच निघून जाते. मायरा म्हणजे सूर्याच्या जातीच्या ताऱ्याचे अगदी शेवटचे पर्व: गाभ्यात कार्बन आणि ऑक्सिजन, त्याभोवती जळणारा हेलियमचा थर, त्याबाहेर हायड्रोजनचा थर, आणि वर धापा टाकल्यासारखे फुगणारे व आकसणारे आवरण, ज्यातला वायू सतत बाहेर निसटत असतो. अशाच थकलेल्या ताऱ्यांच्या वर्णपटात पॉल मेरिल यांना १९५२ मध्ये टेक्नेशियम हे मूलद्रव्य सापडले. त्याचे सर्वांत टिकाऊ रूपही काही दशलक्ष वर्षांतच निम्मे नष्ट होते, म्हणून ते ताऱ्यातच ताजे तयार झालेले असणार. मूलद्रव्ये ताऱ्यांत घडतात याचा तो थेट पुरावा ठरला.

उन्हाळ्यात, अंगणात बाजेवर पडल्या पडल्या पाहता येणारे दोन तारे उरतात. सप्तर्षीच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवली की नारिंगी स्वाती भेटतो, मेच्या मध्यानंतर रात्री दहाला डोक्याजवळ. तो ३७ प्रकाशवर्षांवर, वस्तुमानाने जवळपास सूर्याएवढा आणि वयाने त्याच्याहून मोठा आहे. ज्येष्ठा मेअखेर रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेला सुमारे ४० अंशांवर, वृश्चिकाच्या मध्यभागी दिसते. ती काक्षीच्याच जातीची महाराक्षसी, व्यास सूर्याच्या सुमारे ७०० पट. पावसाळ्यात ती ढगांत हरवते, मात्र सप्टेंबरमध्ये उघडीप मिळाल्यास संध्याकाळी नैर्ऋत्येला पुन्हा गाठता येते.

ऑक्टोबरमध्ये, सोयाबीनची मळणी आटोपत असताना, हंस आणि गरुड यांच्या मध्ये शर नावाचा बाणासारखा इवलासा तारकासमूह उंचावर असतो. बाणाच्या टोकाच्या ताऱ्यापासून उत्तरेला सुमारे तीन अंशांवर द्विनेत्री नेली की एक राखाडी, कापसाच्या बोंडातून सुटलेल्या तंतूइतका अस्पष्ट डाग दिसतो. मेसिए यांनी १७६४ मध्ये नोंदवलेला हा एम २७, सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचा. मायरासारख्या ताऱ्याने सोडून दिलेले आवरण असे विखुरते आणि काही हजार ते काही दहा हजार वर्षांत विरून जाते. तो डाग थेट बघितल्यास नाहीसा होतो. नजर किंचित बाजूला ठेवावी, म्हणजे डोळ्याचा अंधारात अधिक तत्पर असणारा भाग कामाला लागतो.

आवरण गेल्यावर उरलेला गाभा म्हणजे श्वेत बटू, पृथ्वीएवढ्या आकारात जवळपास सूर्याएवढे वस्तुमान. व्याधाला असा एक जोडीदार आहे. बेसेल यांनी १८४४ मध्ये व्याधाच्या डुलत्या चालीवरून तो ओळखला आणि ॲल्व्हन ग्रॅहम क्लार्क यांनी १८६२ मध्ये तो प्रत्यक्ष पाहिला. द्विनेत्रीतून तो दिसणार नाही, पण ८.६ प्रकाशवर्षांवरच्या त्या झगमगत्या ताऱ्याशेजारी तो आहे हे ठाऊक असलेले बरे. श्वेत बटूला किती भार पेलतो याचे उत्तर सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर गणित करून शोधायला सुरुवात केली. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे, आणि त्यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सुमारे आठ सूर्यांहून जड ताऱ्यांचा गाभा या मर्यादेच्या पलीकडे जातो. तिथे कार्बन, निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन असे एकामागून एक इंधन जळत लोखंडापर्यंत मजल जाते, आणि प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा तोकडा होत शेवटचा सिलिकॉनचा टप्पा काही दिवसांत आटोपतो. लोखंडापासून ऊर्जा मिळत नसल्याने गाभा सेकंदाच्या आत कोसळतो. त्याचा न्यूट्रॉन तारा बनतो किंवा कृष्णविवर, आणि बाहेरचा भाग अतिनवतारा म्हणून उडतो. असा एक स्फोट १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी वृषभात नोंदवला. त्याचे अवशेष म्हणजे खेकडा तेजोमेघ. वृषभाच्या दक्षिणेकडील शिंगाच्या टोकाच्या ताऱ्यापासून, वायव्येला सुमारे एक अंशावर तो आहे. जानेवारीतल्या अमावास्येच्या आसपास, धुके नसताना, द्विनेत्री मचाणाच्या बांबूला टेकवून धरल्यास तो अगदी पुसट डागासारखा दिसू शकतो. त्याच्या मध्यभागी उरलेला न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरतो. डाग दिसला नाही तर दुसरी, अधिक कोरडी रात्र निवडावी किंवा चार इंची दुर्बीण असलेल्या एखाद्या शाळेच्या खगोल मंडळाला विचारावे. वहीत मात्र "दिसला नाही" असे तारखेसह, आकाशाच्या स्थितीसह लिहावेच.